मुठीतली सुपारी

"आमची सुपारी देऊन टाका ना जी, मॅडम."

ओमेश्वरीनं मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. खांद्यावर दुपट्टा, हातात रिकामा बटवा, आणि चेहऱ्यावर असं हसू, जशी काही तिची नि त्याची जुनी ओळख आहे. फिजिओथेरपीच्या त्या अरुंद व्हरांड्यात एकच धांदल उडाली होती. त्याच्या म्हाताऱ्या बाबाच्या हातून बटवा निसटला होता आणि अख्ख्या सुपाऱ्या बाकाखाली, खुर्च्यांखाली, पार उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेल्या होत्या.

"कोणती सुपारी?" ती म्हणाली.

"तीच... तुमच्या चपलेपाशी आली होती. मी पायली ना. आता तिथं नाई, अन् मूठ तं बंद हाय तुमची."

"माझ्याकडे नाही सुपारी."

"मंग मूठ उघडून दाखवा."

तिनं मूठ उघडली नाही. डावा हात मांडीवर तसाच पडून राहिला, बोटं आत वळलेली, अंगठा बोटांखाली दबलेला. ओढणी सरकली होती म्हणून तो दिसला तरी, नाहीतर एरवी ती तो झाकूनच बसायची.

"लयच पक्की मूठ हाय," तो डोळे बारीक करून म्हणाला. "एक सुपारी कमी भरली तं बाबा मले झोपू नाई देनार. लग्नात नवरदेव सोडवते तशी सोडवू का? एकाच हातानं?"

बाकावरच्या बाया फिसफिसल्या. ओमेश्वरीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो खेळ तिनं किती लग्नांत पाहिला होता! नवरी मुठीत सुपारी घट्ट धरते, नवरदेवानं ती एका हातानं सोडवायची. मग पाळी उलटते. नवरदेव धरतो, आणि नवरीला मात्र दोन्ही हात लावायची मुभा असते. तेवढ्यात आतून निशा मॅडमची हाक आली.

"ओमेश्वरी, चल आत. आज आधी डावा हात घेऊ. बोटं अजून आखडलेलीच आहेत ना?"

तरुणाचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग जमिनीकडे. ती उठली आणि डावा पाय किंचित ओढत आत गेली. सुपारी नंतर म्हाताऱ्याच्या वहाणेत सापडली.

आत टेबलावर हात ठेवून ती बसली, तेव्हा निशा मॅडमला वाटलं, पोरगी रडते की काय. पण ओमेश्वरी हसत होती. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला आजारी न समजता लबाड समजलं होतं.

*

लकवा म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार असं तीही समजायची. गोंदियाजवळच्या फुलचूरला भावाच्या घरी राहून ती एका छोट्या कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलांना शिकवत होती. एका सकाळी प्रार्थना झाल्यावर मुलांना टाळ्या वाजवायला सांगून तिनं स्वतः हात उचलले, आणि एकच हात वर आला. मुलांना वाटलं, मॅडमनं नवा खेळ काढला. मुलंही एक हात वर करून उभी राहिली आणि खिदळू लागली. ते खिदळणं अजून तिच्या कानात होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणीच्या तापानं हृदयाची एक झडप खराब झाली होती, तिथून रक्ताची गुठळी निघाली ती मेंदूत जाऊन अडकली. औषधं सुरू झाली. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय बऱ्यापैकी परत आला. हात मात्र रुसला तो रुसलाच.

त्याच्या आधी तिचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, तारीख तेवढी काढायची होती. मुलाकडून निरोप आला की जरा थांबू. थांबू म्हणजे काय, ते घरातल्या सगळ्यांना न सांगता कळलं.

भाऊ टिकेश राईस मिलमध्ये होता. वहिनी रिंकी बालाघाटकडची, बोलायला तिखट, पण मनानं मऊ. दोघंही जीव लावायचे. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. वहिनी तिची वेणी घालायची, ताटात पोळीचे तुकडे करून द्यायची, रात्री तेल लावून एकेक बोट सरळ करायची. टिकेश कॅरम खेळताना मुद्दाम हरायचा, आणि तो मुद्दाम हरतोय हे तिला दिसायचं. घरी आलेली माणसं तिच्यासमोरच वहिनीला विचारायची, "इनको चाय चलती है क्या?" आधी मैत्रिणी यायच्या, मग त्यांची लग्नं झाली. मागच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असायचं. ओमेश्वरी एकटी होती, भरल्या घरात एकटी, आणि हे सांगावं असं त्या घरात कुणी नव्हतं.

*

पुढच्या खेपेला तो तरुण व्हरांड्यात होताच. पण नजर चुकवत होता. त्याचं नाव भूपेंद्र, बोदलकसा तलावाजवळच्या गावाचा, घरची धानाची शेती. तिरोड्याहून पॅसेंजरनं बाबाला, म्हणजे देवचंदबाबाला, मंगळवारी आणि शुक्रवारी घेऊन यायचा. बाबाचा उजवा हात गेला होता. हे सगळं तिला बाकावरच्या बायांनीच सांगितलं.

बराच वेळ चुळबुळ करून तो जवळ आला.

"माफ करजा जी, मॅडम. मले मालूम नव्हतं."

"काय मालूम नव्हतं?"

"का तुमच्या हाताले... म्हंजे..."

त्याचा आवाज एकदम हळू, दवाखान्यात वापरतात तसा झाला होता. ओमेश्वरीचं मन खट्टू झालं. हाही आता त्यांच्यातलाच झाला. आता हाही तिच्यासाठी जागा सोडून उभा राहील, मान कलती करून 'बरं वाटते का' विचारेल... आणि मग तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"माझ्या हाताला चोरी करता येत नाही, हे ना?"

त्यानं चमकून पाहिलं.

"आज आणली का सुपारी?"

"बाबापाशी हाय."

"एक आणा. इथं मुठीत ठेवा. त्या दिवशी फुकट आळ घेतला, आज खरीच चोरी करते."

तो हसला. तेच हसू, पहिल्या दिवसाचं! धावत जाऊन त्यानं सुपारी आणली आणि तिच्या वळलेल्या बोटांच्या फटीतून अलगद आत सरकवली. त्याची बोटं थंडीनं गार पडली होती. हे करताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, कारण त्या हाताला काही कळत नसेल अशी त्याची समजूत होती. हात हलत नव्हता, हे खरं. पण कळत सगळं होतं.

*

मग हिवाळाभर मंगळवार आणि शुक्रवार हेच वार राहिले. बाकीचे दिवस मधल्या रिकाम्या जागेसारखे होते.

देवचंदबाबाला व्यायाम म्हणजे शिक्षा वाटायची. "तेल लावून द्या, दोन सुया टोचा, मी पडून राहतो," हे त्याचं पालुपद. निशा मॅडम ऐकणारी नव्हती. तिनं बाबाचा चांगला हात त्याच्याच दुपट्ट्यानं पोटाशी बांधला आणि दुबळ्या हातात अडकित्ता दिला.

"फोडायची, खायची नाही," ती म्हणाली.

"हा कोनता न्याय होय, बाई?" म्हातारा कुरकुरला. पण सुपारीवरचा जीव, तो गप्प बसू देईना. अडकित्ता हातातून निसटायचा, सुपारी उडायची, भूपेंद्र ती शोधत रांगायचा. कधी ओमेश्वरी मुद्दाम म्हणायची, "माझ्याकडे बघू नका हं, मी नाही घेतली." तो म्हणायचा, "तुमच्यावर भरोसा नाई, मॅडम. तुमचा रेकॉर्ड खराब हाय."

एकदा त्यानं विचारलं, "घरी हा हात काय काम करते?"

"काही नाही. वहिनी सगळं करते."

"मंग तो येईन कायले? ज्या घरी आपलं कामच नाई, तिथं कोनी जाते का?"

तिला राग आला. इतका, की त्या दिवशी ती त्याच्याशी पुढे बोललीच नाही. निशा मॅडमही तेच सांगायची, जरा गोड शब्दांत. दुसऱ्यानं बोटं सरळ केली तर ती सैल पडतात, पण मेंदू शिकतो तो आपण धडपडल्यावरच. न वापरलेल्या हाताला मेंदू हळूहळू विसरून जातो. पण मॅडमचं ऐकून ती मान डोलवायची आणि भूपेंद्रचं ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिडिकीचा उपयोग झाला. संध्याकाळी तिनं वहिनीच्या हातातून ओलं ताट ओढून घेतलं, डाव्या हातानं छातीशी दाबून पुसायला लागली. ताट पडलं. सगळं घर दणाणलं.

"अरे, छोड दो ना, मैं करती हूँ," वहिनी धावली.

"मी उचलते," ओमेश्वरी म्हणाली. तिचा आवाज ऐकून वहिनी जागीच थांबली.

त्यानंतर डाव्या हाताला कामं लागली. पुसायला ताटं, धरायला वही, दाबायला दार. एकही काम धड व्हायचं नाही. मंगळवारी ती भूपेंद्रला पडलेल्या भांड्यांची हकिकत सांगायची आणि तो अगदी गंभीर तोंड करून म्हणायचा, "प्रगती हाय जी. हात कामावर याले लागला. आता आधी नुसकानच करन."

ती हसायची. त्या व्हरांड्यात फिनेलचा वास यायचा, पंखा कुरकुरायचा, समोर दोन्ही कुबड्या धरून कुणीतरी घाम पुसत असायचं. तरी ओमेश्वरीला त्याहून चांगली जागा गोंदियात दुसरी ठाऊक नव्हती.

*

उन्हं तापायला लागली तेव्हा एका शुक्रवारी देवचंदबाबानं उजव्या हातानं, कुणाची मदत न घेता, सुपारी फोडली. कट्ट असा आवाज झाला आणि सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. ओमेश्वरीनं उजव्या हातानं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. तिची टाळी तशीच असायची.

"आता इथे यायची गरज नाही," निशा मॅडम म्हणाली. "व्यायाम घरी चालू ठेवायचे. हातानं शेतातलं, घरातलं काम करायचं, तेच औषध."

म्हातारा लहान मुलासारखा खूश झाला. ओमेश्वरीलाही आनंद झाला, मनापासून झाला. आणि त्याच क्षणी तिला कळलं की आता मंगळवार उरला नाही.

व्हरांड्यात भूपेंद्र रेंगाळला. बाहेर रिक्षात बाबा बसला होता. गाडीची वेळ होत आली होती.

"मॅडम... हात पुढे करा."

त्यानं एक सुपारी तिच्या डाव्या मुठीत सरकवली. या खेपेला त्याची बोटं गार नव्हती, आणि निघायची त्यांना घाईही नव्हती.

"ही तुमच्यापाशी राहू द्या. ज्या दिवशी मूठ आपल्या मनानं उघडन, त्या दिवशी आनून द्या. बोदलकस्याले या, तलावापाशी. कोनालेही विचारा, देवचंदबाबाचं घर."

"आणि नाही उघडली तर?"

तो रस्त्याकडे बघत राहिला.

"तं... सुपारी तुमची," तो म्हणाला, आणि गेला.

हे उत्तर तिनं रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. कसंही धरलं तरी तो निरोपच वाटत होता.

*

उन्हाळा गेला. पावसाळा आला तोही मुक्यानं. खिडकीच्या गजांवरून पाणी ओघळायचं, रस्त्यावरून लोक घोंगड्या नि प्लॅस्टिक पांघरून धानाच्या रोवणीला जायचे आणि ओमेश्वरी मुठीतल्या सुपारीशी भांडत बसायची. उघड. उघड ना गं. ती जितका जोर लावायची तितकी मूठ जास्त आवळायची. मग ती श्वास सोडायची, मनगट खाली वाकवायची, निशा मॅडमनं शिकवल्यासारखं, आणि पुन्हा. हे काम फार एकटीचं होतं. दुसऱ्या कुणाला त्यात हात घालता येत नव्हता, भूपेंद्रनं तर घातलाही नसता.

घरात फोन होता, त्याचा नंबर निशा मॅडमच्या वहीतही लिहिलेला होता. मोबाइल अजून हातोहाती आले नव्हते. श्रावणात कधीतरी वहिनी म्हणाली, "रोज-रोज नहीं, पर कोई फोन करता है और बोलता नहीं. परेशान कर रखा है."

"कोणत्या वारी?" ओमेश्वरीनं विचारलं.

"वारी? मंगल को शायद."

त्या मंगळवारी घंटी वाजली तेव्हा ती आधीच फोनपाशी बसली होती. तिनं रिसीव्हर उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. मागे एसटीचा हॉर्न वाजला, कुणीतरी 'गोंदिया, गोंदिया' असं ओरडत होतं.

"व्यायाम चालू आहे," ती म्हणाली.

पलीकडे एक लांब श्वास.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

एवढ्याशा एका शब्दावर तिनं भादवा काढला.

मूठ उघडली ती एका साध्याच दुपारी. वहिनी बाजारात गेली होती. ओमेश्वरी ओसरीवर बसून निवडायच्या लाखोरीच्या डाळीकडे नुसती बघत होती, मनात काहीच नव्हतं, आणि करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. अंगठा बाहेर आला आणि सुपारी टक्कन फरशीवर पडली.

"वहिनी," तिनं हाक मारली. घरात कुणीच नव्हतं. इतकी मोठी गोष्ट घडली आणि ती बघायला एक पाल तेवढी होती भिंतीवर. ओमेश्वरी पोटभर रडली, मग तिनं वाकून सुपारी उचलली आणि परत मुठीत घातली.

पुढे ते रोज जमू लागलं. कधी चटकन, कधी अर्ध्या तासानं. आता खरं तर निघायला हवं होतं. पण मूठ बंद होती तोवर तिच्याजवळ एक कारण होतं. ती उघडायला लागल्यावर भीती तेवढी उरली. तो विसरला असेल तर? नुसतं गमतीनं म्हणाला असेल तर?

मग निशा मॅडमच सहज बोलून गेली. "देवचंदबाबाच्या गावचं कुणी आलं होतं. मुली बघतायत म्हणे भूपेंद्रसाठी. बाबाचा हात छान चालतोय आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी फणी घेऊन आली, तर ओमेश्वरीची वेणी झालेली होती. वाकडी, एका बाजूनं सुटलेली, पण झालेली.

"कहाँ?" वहिनीनं विचारलं.

"तिरोड्याकडे. एकाची वस्तू परत करायची आहे."

"अकेली?"

"एकटीच."

रिंकीनं तिच्या वेणीकडे पाहिलं, मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. सुटलेली बट नीट करायला तिचा हात पुढे आला, आणि मध्येच थांबला. "देर मत करना," एवढंच ती म्हणाली, आणि चुलीकडे वळून डोळ्यांना पदर लावला.

*

तिरोड्यापर्यंत पॅसेंजर, पुढे काळी-पिवळी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लवकर पिकणारं हलकं धान पिवळं पडलं होतं. जीपमध्ये दाटीवाटीत बसून ओमेश्वरीनं डावी मूठ उजव्या हातात धरून ठेवली होती. बोटं आत घामेजली होती.

देवचंदबाबा घराच्या ओट्यावर बसला होता, उजव्या हातात अडकित्ता. त्यानं तिला पाहिलं आणि ओळख वगैरे काही दाखवली नाही.

"सुपारी आनली?"

ती दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बटवा माहा, सुपारी माही, अन् मलेच मालूम राहनार नाई? वर हाय तो, पाळीवर. हळू चढजो, माय. गवत ओलं हाय."

तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, उंच होती. डावा पाय थकला होता, दर दोन पावलांनी थांबावं लागत होतं. वर पोचली तेव्हा तलाव एकदम समोर आला, काठोकाठ भरलेला, आणि त्याच्या कडेला पाटाच्या तोंडाशी साचलेलं शेवाळ काढत भूपेंद्र उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं मान वर केली. हातातलं फावडं खाली टाकायचं त्याला सुचलं नाही.

"तुमी... कोनासंगं आल्या?"

"एकटी आले."

"एकट्या?"

"तुमची सुपारी द्यायला."

तो वर आला. ती हात पुढे करून उभी राहिली. वाटेत तिनं हे मनातल्या मनात किती वेळा केलं होतं! आता बोटं उघडतील, सुपारी तळहातावर दिसेल, आणि तो...

बोटं हलली नाहीत. तिनं जोर लावला. मूठ आणखी आवळली, नखं तळव्यात रुतली.

"घरी उघडते," ती म्हणाली. "खरंच सांगते. रोज उघडते."

त्याचा हात पुढे आला, एकच हात, खेळातल्यासारखा. तिच्या मुठीपर्यंत आला आणि तिथून मागे गेला.

"नाई. मी नाई सोडवनार," तो म्हणाला. "तुमीच उघडा. घाई नाई काई. मी बसतो."

आणि तो खरंच पाण्याच्या कडेच्या दगडावर बसला. तीही बसली, जरा अंतर राखून. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून तिनं तलावाकडे तोंड केलं. लांबवर एका डोंग्यातून कुणीतरी जाळं ओढत होतं. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या.

"मुली पाहून झाल्या?" तिनं विचारलं.

"कोनं सांगितलं?"

"झाल्या का?"

"एक पायली. चांगली होती. चहा देल्ला तिनं. मी पायत राहिलो तिच्या हाताकडं. दोनी हात बरोबर चालत होते." तो गवताची काडी मोडत राहिला. "मले काई सुचेच ना. घरी येऊन बाबाले म्हटलं, राहू दे."

"फोन तुम्हीच करायचात ना?"

"हो."

"बोलत का नव्हतात?"

"काय बोलू? वाटे, मी काई म्हटलं तं तुमी म्हनान, याले दया येऊन राहिली माही."

"आणि येते का?"

तो तिच्याकडे वळला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"दया? तुमची? तुमी तं चोर आहा जी," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी चोरून नेलं. मी सुपारी-सुपारी करत बसलो, अन् गेलं दुसरंच. मले तुमच्याबिगर करमत नाई, ओमेश्वरी. मंगळवार आला का पाय आपोआप ठेसनाकडं जातेत."

ती काही बोलणार होती. काय, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. कारण तेवढ्यात टप्प असा आवाज झाला, आणि दोघांनी खाली पाहिलं. सुपारी दगडावर आपटून, एक उडी घेऊन, तलावात गेली. पाण्यावर गोल वलयं उमटली. तिच्या मांडीवर डावा तळहात उताणा पडला होता, पाचही बोटं मोकळी.

"गेली बाबाची सुपारी," भूपेंद्र म्हणाला.

"आता काय परत करू?"

"दुसरी लागन. आता जे येईन ते फोडाची सुपारी. चार मानसांत." तो थांबला. "चालन का... तुले?"

'तुमी'चा 'तू' झालेला तिच्या लक्षात आला. ती मान हलवून हो म्हणाली, आणि मग त्याला दिसलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा तोंडानं म्हणाली.

भूपेंद्रनं शर्टाच्या खिशात हात घातला. खिशातून सुपारी निघाली. बापाचा मुलगा शेवटी. ती मुठीत आवळून त्यानं हात तिच्यापुढे धरला.

"तुही पाळी झाली. आता माही. रीत मालूम हाय ना?"

"नवरीला दोन्ही हात लावता येतात," ती म्हणाली, आणि कोणता शब्द आपण बोलून गेलो ते कळून तिचे कान पुन्हा गरम झाले.

"मंग लाव."

उजवा हात लगेच गेला. डावा मागून आला, अडखळत, हवेत जरा चुकत, पण आपल्या पायांनी आला म्हणावा तसा आला. त्याची बोटं भूपेंद्रच्या मुठीवर टेकली आणि हळूहळू तिच्याभोवती वळली. तिनं ओढलं. मूठ सुटली नाही. तिनं पुन्हा ओढलं.

"सोडा ना," ती हसत म्हणाली.

"काऊन सोडू? खेळ हाय."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, मनगटावरच्या शिरा वर आलेल्या. तो खोटं खेळत नव्हता. लकवा झाल्यापासून सगळे तिच्याशी हरत आले होते, कॅरममध्ये, बोलण्यात, भांडणात. ओमेश्वरीनं दोन्ही पाय गवतात रोवले, दोन्ही हातांनी मूठ धरली, आणि रडत, हसत, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ओढू लागली. भूपेंद्रनं मूठ जराही सैल केली नाही.